धोपावे ते दाभोळ

जपानला जायच्या आधी एकदा
फेरीबोटीने दाभोळला जाऊन येऊ, असं मीच म्हटलं.
दत्ताराम हसला. तालीम काय?
म्हटलं, हो, तालीमच समज.
तिकडचं विमान आठ-नऊ तासांचं,
बोट जेमतेम पंधरा मिनिटांची,
पण पोटाला कुठे घड्याळ कळतं.

सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.
भूक होती. हिशेब आडवा आला.
अकरा वर्षं मी हेच हिशेब करते:
शृंगारतळीला हॉटेलच्या मागे एक,
मार्गताम्हान्याला एक, त्याला कुलूप,
किल्ली मागावी लागते चारचौघांत,
मग थेट चिपळूणचा स्टँड.
लोकांना रस्ता वळणांवरून आठवतो,
मला आतून कडी लागते की नाही यावरून.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर
मोठं आतडं काढून दाखवलं होतं.
आपल्या किनाऱ्यासारखंच दिसलं मला,
आत शिरलेलं, बाहेर आलेलं,
आणि सूज जिथे जिथे, तिथे लाल पेनाने ठिपके,
बंदरं दाखवतात तसे.
बरं कधी होणार, विचारलं.
म्हणाले, हे बरं नाही होत, हे सांभाळायचं.
म्हणजे नणंदेसारखं, मी मनात म्हटलं.

मीनल कठड्याला टेकून पिशवी तपासते:
इंजेक्शनं, बर्फाच्या वड्या, इंग्रजीतलं पत्र,
दोन परकर जास्तीचे, कोणाला न दिसेलसे गुंडाळून,
आणि एक पुठ्ठा, जाड अक्षरांत
तोइरे वा दोको देस का.
आई, म्हण.
मी म्हणते. पुन्हा म्हणते.
शेजारी टोपलीवर बसलेली बाई विचारते,
काय गो, कसला मंत्र?
मंत्रच बाई. वेळेला हाच उपयोगी पडायचा.

खाडीच्या मध्यावर ती कळ आली.
नेहमीची, ओळखीची,
डावीकडून, आधी हळू, मग घाईघाईने.
दत्तारामने माझ्याकडे पाहिलंच नाही.
गाडीच्या टायरांविषयी बोलायला लागला.
टायर, मग भरती, मग मंदारच्या मुलीचे केस,
फोटोत केवढे दिसतात बघ.
किती दारांबाहेर हा माणूस उभा राहिलाय
आभाळाकडे बघत,
जसं काही त्याचंच तिथे काम आहे.

दाभोळच्या धक्क्यावरून मी पळाले.
वय एकावन्न, पदर खोचलेला.
पहिलं उघडं दार दिसलं त्यात शिरले.
अंगणात एक बाई सोलं वाळत घालत होती.
तिने माझा चेहरा बघितला
आणि लाल झालेलं बोट मागच्या पडवीकडे दाखवलं.
बस्स, तेवढंच.
पुठ्ठा मीनलच्या पिशवीतच राहिला.

बाहेर आले तर पायरीवर तांब्या,
पितळी, आणि तिच्यात पेज,
कडेला खारातल्या कैरीची एक फोड.
खा, म्हणाली, थरथरतायत हात.
मी खाल्लं.
पेजेशी माझं पोट कधी भांडत नाही.

मंदारला फोनवर सांगितलं तर म्हणतो,
आई, इथेही आजाऱ्याला हेच देतात,
ओकायु म्हणतात,
वर खारवलेलं आंबट फळ, एवढंसं, लालभडक.
खरं सांगतोस?
खरंच. तू ये तर.

परतीच्या बोटीत मीनल विचारते,
मग? पास की नापास?
मी पुठ्ठा उलटा केला,
तिच्याकडून पेन घेतलं, लिहिलं: ओकायु.
अक्षर हललं थोडं, बोट हलत होती.
धोपावे जवळ आलं, दत्ताराम गाडीकडे गेला.
तेव्हा लक्षात आलं,
त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं.